राखणीचं पिल्लू : वाढीची घाई नको

(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

सोलापूर जिल्ह्यातून आलेली बरीचशी पत्रं या वेळी एकाच विषयाची आहेत. शेळ्या-मेंढ्यांच्या राखणीसाठी आणलेलं मोठ्या हाडाचं पिल्लू कसं वाढवायचं, हा तो विषय. नान्नजच्या माळाच्या आजूबाजूला लांडगा आहे, रात्री वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, कोकरू उचललं जातं, आणि अशा ठिकाणी चांगला कुत्रा म्हणजे वाड्याचा आधार. त्यामुळे पिल्लू लवकर मोठं व्हावं असं प्रत्येकाला वाटतं आणि नेमकं तिथेच बिघडतं. पहिलं उत्तर म्हणूनच लांबलं आहे.

पिल्लू ३ महिन्यांचं आहे, वजन ११ किलो. आई-बाप ४५ किलोच्या आसपास. पिल्लांचं तयार खाद्य दिवसाला ३०० ग्रॅम, पाव लिटर म्हशीचं दूध, १ अंडं आणि त्याचं टरफल वाटून देतो. दुकानदारानं कॅल्शियमची बाटलीही दिली आहे. तरी कमरेत बारीकच दिसतं. अजून काय द्यावं? — सांगोला तालुका

अजून काही देऊ नका. बाटली, टरफल आणि दूध हे तिन्ही आजपासून बंद करा.

आधी हिशेब बघू. या वजनाच्या आणि वयाच्या पिल्लाला दिवसाला साधारण ११०० कॅलरी लागतात. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला दर १००० कॅलरीमागे किमान ३ ग्रॅम कॅल्शियम हवं आणि ४.५ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये. म्हणजे तुमच्या पिल्लाची हद्द रोजची ३.३ ते ५ ग्रॅम. पोत्यावर १.२ टक्के कॅल्शियम लिहिलेलं असेल, तर ३०० ग्रॅम खाद्यातूनच ३.६ ग्रॅम मिळालं. गरज तिथेच भागली. एका अंड्याच्या टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, पाव लिटर म्हशीच्या दुधात अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास. बेरीज ६ ग्रॅमच्या वर गेली आणि बाटली अजून मोजलेलीच नाही. कॅलरीही १४०० वर पोहोचल्या, म्हणजे गरजेपेक्षा पाव पटीहून जास्त.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या पोटात कॅल्शियम जास्त गेलं तर आतडं ते कमी शोषतं, उरलेलं शेणावाटे निघून जातं. पिल्लाच्या आतड्याला पहिले सहा महिने हा दरवाजा बंद करता येत नाही. जेवढं द्याल त्यातला मोठा वाटा रक्तात उतरतो. हाडाच्या टोकाशी कूर्चेची मऊ पट्टी असते, तिथे हाड लांबीला वाढतं. जादा कॅल्शियममुळे या कूर्चेचं हाडात रूपांतर नीट होत नाही. पुढच्या पायात दोन हाडं शेजारी-शेजारी वाढत असतात. त्यातल्या एकाची वाढ मागे पडली आणि दुसरं पुढे जात राहिलं की पाय धनुष्यासारखा वाकतो आणि पंजा बाहेर वळतो. खांद्याच्या सांध्यातली कूर्चा सुटते, कमरेचा सांधा सैल बसतो. यात वंशाचा वाटा मोठा आहे, तो तुमच्या हातात नाही. खुराक मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे.

जादा कॅल्शियमचा आणखी एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते जस्त शोषू देत नाही. मग डोळ्यांभोवती, ओठांच्या कडांना आणि पंज्यांच्या गाद्यांवर खपल्या धरतात. लोक खरूज समजून मलम लावत बसतात.

प्रथिनांबद्दलची भीती मात्र सोडून द्या. ‘मांस-अंडी दिली की पाय वाकतात’ हे खरं नाही. पाय बिघडतात ते जादा कॅलरी आणि चुकलेल्या कॅल्शियममुळे.

तुमचं पिल्लू बारीक नाही, ते जसं दिसायला हवं तसंच दिसतंय. हाताची मूठ वळा आणि बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या तशा टोचत असतील तर पिल्लू खरंच रोड आहे. मूठ उघडून तळव्यावर बोट दाबा. बरगड्या इतक्या आत दबल्या असतील तर ते लठ्ठ आहे. हात सरळ पालथा धरल्यावर बोटांची हाडं जशी हलक्या हाताला लागतात, तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसावी. वाड्यावर येणारा पाहुणा ‘पिल्लाला खायला घालता की नाही’ असं विचारेल. विचारू द्या.

खाद्याच्या पोत्यावर नुसतं ‘पपी’ लिहिलेलं नको, ‘लार्ज ब्रीड पपी’ हवं. पोत्यावरच्या आकड्यात कॅल्शियम १ ते १.५ टक्क्यांच्या दरम्यान बघा. ४५ किलोच्या घराण्यातलं पिल्लू ३ महिन्यांचं असताना १० ते १२ किलो, ४ महिन्यांना १५ ते १७ आणि ६ महिन्यांना २५ ते २८ किलो असलं तर पुरे. १०० ग्रॅमला ३६० कॅलरी देणारं खाद्य धरलं तर सुरुवात ३ महिन्यांना ३०० ग्रॅम, ४ महिन्यांना ३४०, ५ महिन्यांना ३७० ते ४०० आणि ६ महिन्यांना ४३० ते ४७० ग्रॅम अशी ठेवा. ४ महिन्यांपर्यंत दिवसातून ४ वेळा वाटून, ६ महिन्यांपर्यंत ३ वेळा, पुढे कायम २ वेळा. खोल छातीच्या कुत्र्याला एकदाच भरपेट घातलं की जठर फुगून पीळ पडण्याचा धोका वाढतो. तेव्हा मोठेपणीही एक वेळेवर आणू नका.

दर आठवड्याला एकाच दिवशी, उपाशीपोटी, पिल्लू गोणपाटात बसवून ताणकाट्याला लावा आणि वजन वहीत लिहा. आठवड्याला १ ते सव्वा किलो वाढ चांगली. दोन आठवडे ओळीनं दीड किलोच्या वर वाढ दिसली आणि बरगड्या दबल्या, तर खुराक दहा टक्के कमी करा. अशा हातानं वाढलेलं पिल्लूही शेवटी आई-बापाएवढंच मोठं होतं, त्याला फक्त दोन-चार महिने जास्त लागतात.

पोत्याचं खाद्य आम्हाला परवडत नाही. आमच्याकडे कुत्री भाकरी-ताकावरच वाढली. मोठ्या जातीचं पिल्लू घरच्या खाण्यावर वाढेल का? — बार्शी तालुका

गावातलं २० किलोचं कुत्रं भाकरी-ताकावर तगतं, पण त्याची वाढ सावकाश असते आणि अर्धा खुराक ते बाहेर स्वतः मिळवतं. ४५ किलोचं पिल्लू भाकरी-ताकावर वाढवलं तर उलटा आजार होतो. ज्वारीत कॅल्शियम नाममात्र असतं आणि फॉस्फरस त्याच्या दहापट. नुसत्या मांसातही तेच. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर मग हाडांतूनच कॅल्शियम काढून घेतं. हाडं पातळ होतात, पिल्लू उभं राहताना कण्हतं आणि साध्या उडीत हाड मोडतं. म्हणजे कॅल्शियमचा अतिरेक जसा नको, तसा दुष्काळही नको. मोजून द्यावं लागतं.

परवडेल असा मधला मार्ग म्हणजे निदान ६ महिन्यांपर्यंत अर्धा खुराक तयार खाद्याचा आणि अर्धा घरचा. संपूर्ण घरचाच द्यायचा असेल तर १५ किलोच्या, ४ महिन्यांच्या पिल्लाचं दिवसाचं प्रमाण असं: ज्वारीच्या कण्या किंवा पीठ १४० ग्रॅम (कोरडं वजन), हाडाशिवाय कोंबडी ३०० ग्रॅम (कच्चं वजन), २ अंडी, गायीचं दही १५० ग्रॅम, तेल २ चहाचे चमचे. यातून साधारण ११५० ते १२०० कॅलरी मिळतात. त्यात ९ ग्रॅम डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे पशुखाद्याच्या दुकानात ज्याला डीसीपी म्हणतात ते, आणि ३ ग्रॅम टरफलाची पूड. चिमूटभर आयोडीनचं मीठ.

दोन्ही का, असं विचाराल. या जेवणात कॅल्शियम जेमतेम ०.३ ग्रॅम आहे, पण फॉस्फरसही गरजेच्या निम्माच आहे. नुसती टरफलाची पूड घातली तर कॅल्शियम भरून निघतं, फॉस्फरस तसाच राहतो. डीसीपीत दोन्ही असतात, पण त्यावर एकट्यावर भागवलं तर कॅल्शियम थोडं कमी पडतं. दोन्ही मिळून कॅल्शियम साडेतीन ग्रॅम आणि फॉस्फरस त्याहून जरा कमी, असं बसतं. कॅल्शियम नेहमी फॉस्फरसइतकं किंवा थोडं जास्त असावं, दुपटीच्या वर कधीच नाही.

डीसीपी पशुखाद्याच्या प्रतीचंच घ्या. खताच्या प्रतीच्या मालात फ्लोरिन जास्त असतं, ते दातांवर आणि हाडांवर बसतं. मोजायला डिजिटल वजनकाटा आणा, चमच्यावर विसंबू नका. पूड बारीक की जाड यावर एकाच चमच्यात दीडपट फरक पडतो. टरफलं १० मिनिटं उकळून, तव्यावर कोरडी करून, मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखी बारीक करा. जाडसर राहिली तर नुसतीच शेणातून बाहेर पडतात.

कण्या मऊ शिजल्या पाहिजेत, बोटानं दाबल्यावर दाणा फुटायला हवा. कडक भाकरी पाण्यात भिजवून घातली तरी चालते, पण तिचं वजन पिठाच्या हिशेबानं धरा. एखाद्या दिवशी कोंबडी कमी असेल तर १०० ग्रॅम कोंबडीऐवजी ३ अंडी घाला आणि त्या दिवशी तेल काढून टाका, कॅलरी बरोबर बसतात. अर्धा-अर्धा खुराक करणार असाल तर १७० ग्रॅम तयार खाद्य आणि वरच्या सगळ्या जिनसा निम्म्या, डीसीपी आणि टरफलसुद्धा निम्मंच. तयार खाद्यावर घरचा घास जेमतेम दहावा हिस्सा असेल तर काहीच मिसळू नका. वजन २० किलो झालं की घरचा खुराक १.१५ पट करा, २८ किलोला १.३ पट. सगळ्या जिनसा एकाच प्रमाणात वाढवायच्या.

एवढं करूनही जस्त, तांबं, अ, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतंच. त्यासाठी कुत्र्यांचं, कॅल्शियम नसलेलं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण पशुवैद्यकांकडून लिहून घ्या. गायी-म्हशींचं खनिज मिश्रण यात चालत नाही, त्यातला मोठा भाग कॅल्शियमच असतो. पिल्लाला उन्हात बांधून ड जीवनसत्त्व मिळत नाही. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. आणि माणसांना आठवड्याला देतात ती ६०,००० युनिटची ड-३ पुडी पिल्लाला मुळीच देऊ नका. १५ किलोच्या पिल्लाला एक पुडी म्हणजे विषबाधेच्या हद्दीवरचा डोस आहे, मूत्रपिंडं जातात.

घरातल्या उरल्यासुरल्यात काय नको, तेही सांगतो. शेंगा-चटणी लावलेली भाकरी नको, कारण तिच्यात लसूण असतो आणि कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सरकी पेंड नको. तिच्यातल्या गॉसिपॉलनं हृदयाला इजा होते. शेंगदाणा पेंड किंवा मका जरा जरी बुरसलेला असेल तर ती बुरशी कुत्र्याचं यकृत आठवड्याभरात संपवते. मेंढ्यांना थोडी बुरशी पचताना दिसते म्हणून कुत्र्यालाही पचेल असं धरू नका. शिजवलेली हाडं कोणत्याही जनावराची असोत, देऊ नका. त्यांचे सुळे निघतात आणि आतडं फाटतं.

पिल्लू अडीच महिन्यांचं. पुढचे पाय मनगटाशी पुढे झुकलेत, चालताना लवतात. गावातल्या एकानं कॅल्शियमचं इंजेक्शन द्या म्हणून सांगितलं. घरात शहाबादी फरशी आहे. — सोलापूर शहराजवळ

इंजेक्शन देऊ नका आणि पायाला पट्ट्या-फळ्याही बांधू नका. गुळगुळीत फरशीवर वाढणाऱ्या, झपाट्यानं वजन घेणाऱ्या पिल्लांत दीड ते चार महिन्यांच्या वयात हे दिसतं. स्नायू आणि कंडरा हाडांच्या वेगाला पुरे पडत नाहीत. कुठे मनगट पुढे झुकतं, कुठे उलट पंजा सपाट पडतो. पिल्लू खेळतंय, पाय दाबला तर ओरडत नाही आणि ताप नाही, तर पकड मिळेल अशी जमीन द्या. माती, मुरूम, शेणानं सारवलेलं अंगण यातलं काहीही चालेल. घरात राहणार असेल तर फरशीवर पोती किंवा रबरी चटई अंथरा. खुराक मोजून द्या, बरगड्या हाताला लागू द्या. दोन ते चार आठवड्यांत पाय सावरतात. पट्टी बांधली तर स्नायू आणखी ढिले पडतात.

हेच दुखणं ३ ते ६ महिन्यांच्या पिल्लात असेल, मनगटाच्या वर हाड गरम आणि सुजलेलं लागत असेल, ताप असेल, पिल्लू उठायला तयार नसेल, तर ते वेगळं आहे. हाडाच्या वाढत्या टोकाला आलेली ती गंभीर सूज असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि एक्स-रे काढा. ५ महिन्यांपुढे लंगडणं एका पायावरून दुसऱ्यावर जात असेल तर लांब हाडांच्या आतली सूज असते, ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. दुखलं म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी मात्र देऊ नका. कुत्र्याच्या जठराला त्यानं व्रण पडतात आणि मूत्रपिंडं बसतात. कुत्र्यासाठीचं वेदनाशामक वेगळं असतं, वजनावर ठरतं.

मेंढी मेली की तिचं फुफ्फुस-काळीज पिल्लाला टाकतो. मेंढ्यांचं जंताचं औषध उरतं, तेच त्यालाही पाजतो. चालेल ना? — करमाळा तालुका

नाही. दोन्ही बंद करा.

मेलेल्या मेंढीच्या फुफ्फुसात आणि काळजात (यकृतात) पाण्यानं भरलेले फोड असतात ते तुम्ही पाहिले असतील. ती फीतकृमीची पिल्लावस्था. कुत्र्यानं ते कच्चं खाल्लं की सुमारे सहा आठवड्यांत त्याच्या आतड्यात जंत तयार होऊन शेणातून अंडी पडायला लागतात. ती चाऱ्यावरून पुन्हा मेंढ्यांत जातात आणि हाताला लागून घरच्या लेकरांतही. माणसाच्या काळजात असा फोड झाला तर शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाते. मेंढी एका जागी गरगर फिरून पडते, मेंदूत फोड निघतो, तोही कुत्र्याच्याच दुसऱ्या एका फीतकृमीमुळे. म्हणजे डोकं, काळीज, फुफ्फुस कच्चं टाकणारा मेंढपाळ आपलाच कळप आजारी पाडतो. द्यायचंच असेल तर बारीक तुकडे करून अर्धा तास चांगलं उकळा, नाहीतर खोल खड्ड्यात पुरा.

मेंढ्यांची औषधं कुत्र्याला लागू पडत नाहीत. अल्बेंडाझोल वारंवार दिलं तर अस्थिमज्जा बसते. क्लोसँटेलनं कुत्री आंधळी झाली आहेत. आयव्हरमेक्टिनचा मेंढीचा डोस काही जातींच्या कुत्र्यांना झेपतच नाही. पिल्लासाठी पायरँटेल किलोला ५ मिलिग्रॅम, किंवा फेनबेंडाझोल किलोला ५० मिलिग्रॅम रोज एकदा असं ३ दिवस. वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर १५ दिवसांनी ३ महिन्यांपर्यंत, मग ६ महिन्यांपर्यंत दर महिन्याला. ही दोन्ही वरच्या फीतकृमीवर पुरत नाहीत. त्यासाठी प्राझिक्वांटेल किलोला ५ मिलिग्रॅम हवं. कळपात राहणाऱ्या, मेलेलं जनावर मिळू शकणाऱ्या कुत्र्याला ते दर ६ आठवड्यांनी द्या आणि पुढचे दोन दिवस शेण गोळा करून पुरा.

लस ६ ते ८ आठवड्यांना सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. एकच टोचून थांबू नका. आईच्या दुधातली प्रतिकारशक्ती उरलेली असते, ती आधीची लस वाया घालवते. नंतरच्या डोसाला ती अडसर राहत नाही, म्हणून १६ आठवड्यांचा डोस सगळ्यात महत्त्वाचा. रेबीजची लस ३ महिन्यांना, महिन्यानं पुन्हा, मग दरवर्षी. लांडग्याशी झुंजणारा कुत्रा लसीशिवाय ठेवणं हा घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. शिवाय कुत्र्यातला डिस्टेंपर हा साथीचा आजार माळावरच्या लांडग्या-कोल्ह्यांत पसरतो, तेही व्हायला नको.

७ महिन्यांचा कुत्रा कोकरांच्या मागे लागतो, कान चावतो. लोढणं अडकवलंय, तरी सुधारत नाही. मारून बघितलं. — मंगळवेढा तालुका

लोढणं आधी काढा. पळताना ते पुढच्या पायांवर आपटतं. खांद्याचा आणि कोपराचा सांधा अजून पक्का व्हायचा आहे. त्याऐवजी ४-५ मीटरची हलकी दोरी पट्ट्याला लावून मागे घसटत ठेवा, तीही तुम्ही जवळ असतानाच.

६ ते १२ महिन्यांत जवळपास प्रत्येक राखणीचं कुत्रं या खोड्या करतं. हा वाईटपणा नसतो, पण पळणारं कोकरू हे त्याच्यासाठी भारी खेळणं असतं. दहा वेळा पळवायला मिळालं की सवय जडते, म्हणून संधीच देऊ नका. तीन-चार पोक्त मेंढ्या आणि शक्य असल्यास एक शिंगाळा मेंढा, यांच्याबरोबर त्याला बंद वाड्यात ठेवा. अंगावर गेलं की मेंढा ढुशी देतो. तेवढी शिकवण पुरते. कोकरांत फक्त तुमच्या डोळ्यांसमोर सोडायचं. कान टवकारून, मान खाली घालून रोखून बघायला लागलं की तिथेच जरबेचा एक शब्द आणि बाहेर. शांत पडून राहिलं की पाठ थोपटा. मेंढ्यांच्या समोर मारलं तर मार आणि मेंढरं यांची गाठ त्याच्या डोक्यात पक्की बसते, मग ते कळपापासून लांब राहायला लागतं.

जेवण नेहमी कळपापासून आडोशाला, पिल्लू आत जाईल पण मेंढी जाणार नाही अशा फटीतून. वीस मिनिटांनी भांडं उचला. भांडं पडून राहिलं तर कुत्रं त्यावर गुरगुरायला शिकतं आणि हावरं कोकरू चावून घेतं. शिवाय कुत्र्याच्या खाद्यातलं तांबं मेंढीला झेपत नाही, साठत जाऊन यकृत बिघडतं. व्यायला आलेल्या मेंढ्यांत या वयाचं कुत्रं एकटं सोडू नका. वार खाणं ठीक, पण ओलं कोकरू चाटता चाटता त्याचं खेळणं होतं. भरवशाचं काम दीड ते दोन वर्षांच्या आत मागू नका.

४ महिन्यांचं पिल्लू रोज चराईला न्यावं का? मेंढ्या १२-१४ किलोमीटर फिरतात. — नान्नज परिसर

एवढं चालवू नका. कळप निघताना अर्धा-पाऊण तास बरोबर न्या, मग माघारी वाड्यावर, मागे राहिलेल्या कोकरांत. बिऱ्हाड हलवताना घोड्यावर कोकरं बसवता तशी पिल्लाचीही सोय करा. स्वतःहून खेळणं, थांबणं, झोपणं यानं हाडांना काही होत नाही. इजा होते ती दोरीला बांधून मोटारसायकलमागे पळवण्यानं आणि ट्रॉलीतून उडी मारायला लावण्यानं. हाडांच्या टोकांच्या पट्ट्या बुजायला १४ ते १८ महिने लागतात. त्याआधी लांडग्यासमोर एकटं रात्री ठेवणंही नको. जाणत्या कुत्र्याबरोबर, माणसाच्या हाकेच्या अंतरावर ठेवा. कोकरू गेलंच तर वन खात्याकडून पंचनामा करून भरपाई मागता येते. विष घातलेलं मांस ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि ते सगळ्यात आधी आपलंच कुत्रं खातं.

उन्हाळ्यात पिल्लू निम्मंच खातं. ताकद जाईल म्हणून तूप घालावं का? — अक्कलकोट तालुका

घालू नका. पारा ४२ च्या वर गेला की भूक कमी होते, ते स्वाभाविक आहे. जेवण सकाळी ७ च्या आत आणि रात्री ८ नंतर द्या. पाणी दोन ठिकाणी, सावलीत, मातीच्या भांड्यात. केस भादरू नका, दाट केस उन्हापासूनही वाचवतात. लिंबाखाली माती ओली करून ठेवली की ते स्वतःच उकरून बसतं. धापा थांबत नाहीत, हिरड्या विटकरी लाल झाल्या, झोकांड्या जातात आणि ताप ४१ अंशांवर गेला, तर साधं पाणी ओता, वारा घाला, ३९.५ ला आलं की ओतणं थांबवा आणि दवाखाना गाठा.

नसबंदी कधी करावी? आणि मोठ्या कुत्र्याच्या खाद्यावर कधी आणायचं? — मोहोळ तालुका

नसबंदी वर्ष-दीड वर्षाच्या पुढे. हाडांच्या पट्ट्या बुजण्याचा इशारा शरीरातल्या संप्रेरकांकडून येतो. फार लवकर केली तर पट्ट्या उशिरापर्यंत उघड्या राहतात, पाय प्रमाणाबाहेर लांब होतात आणि सांधे नाजूक राहतात. मादी असेल तर पहिल्या माजाला तीन आठवडे बंदोबस्तात ठेवावी लागेल, तेवढी तयारी ठेवा.

खाद्य १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान बदला. वजनाची वही बघा, ओळीनं दोन महिने वजन जवळपास स्थिर राहिलं की वेळ झाली. आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करा. आधी पाव हिस्सा नवं, तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण. मध्येच शेण पातळ झालं तर दोन दिवस मागच्याच प्रमाणावर थांबा.